सी-केवर फुटलेली सुपारी

आमच्या औरंगपुऱ्यात तात्यासाहेबांइतके इंग्रजी शब्द कुणालाच येत नव्हते, आणि त्यातल्या एकाचाही अर्थ तात्यासाहेबांना येत नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यांची माझी भिंत एकच होती. मला सगळं ऐकू यायचं, आणि जे ऐकू यायचं नाही ते मी विचारून घ्यायचो.

माणूस मूळचा वेरूळकडचा, घरची जमीन. शिकला उर्दूत, चिकटला तहसिलीत. निजामाच्या राज्यात त्यांच्या फारसी वळणाच्या अर्जाला असा मान, की अर्ज नामंजूर झाला तरी लोक म्हणायचे, तात्यासाहेब, एकदा वाचून तर दाखवा. बैतबाजीत त्यांना तोड नव्हती. एकानं शेर टाकायचा, दुसऱ्यानं शेरानंच उत्तर द्यायचं, जो गप्प झाला तो हरला. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. रूमी टोपी पेटीत गेली, पांढरी टोपी डोक्यावर आली, आणि तात्यासाहेबांची उर्दू जागच्या जागी बेकार झाली. नवे साहेब डाफरायचे ते इंग्रजीत. हे मान खाली घालून ऐकायचे. ती मान काही त्यांना सोसेना.

तेवढ्यात बक्षिसाच्या इंग्रजी शब्दकोड्यांचं खूळ शहरात आलं. पाच अक्षरांची पाच घरं, दोन भरलेली, तीन रिकामी. तात्यासाहेबांनी एक जाडी डिक्शनरी आणली आणि शेर पाठ करावेत तसे पाच अक्षरी शब्द पाठ करायला घेतले. टी-एचवाले एका कळपात, ओ-ओवाले दुसऱ्या. धनगर कानाच्या खुणेवरून मेंढी ओळखतो ना, तसं. अर्थ विचारला तर म्हणायचे, "मेंढीला कुणी गाव-शीव विचारतं का?" बक्षीस कधी लागलं नाही. पण गुलमंडीच्या हॉटेलात त्यांची खुर्ची ठरलेली. कुणी अक्षरांची जोडी टाकली की हे सुरू, आणि समोरचा गप्प झाल्याशिवाय उठणं नाही.

इथवर हौस म्हणा. पण ती लेकीच्या मुळावर आली. आवडाला बघायला पैठणचे पाहुणे आले, त्यांत मुलाचा मामा थोडं इंग्रजी फाडत होता. तात्यासाहेबांनी त्याला टी-एचवर असा धरला, की मामा पोहे तसेच टाकून उठला. कन्नड गावच्या पाहुण्यांची हीच गत. लोक म्हणायला लागले, पोरगी गुणाची आहे हो, पण बाप चावतो.

म्हणून जालन्याचं स्थळ यायच्या आदल्या दिवशी सारजाबाईंनी नवऱ्याला देवापुढं उभं करून शपथ घातली. मुलगा कडूबा, शाळेत मास्तर. आवडानं त्याला मावशीकडच्या लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिला दुसरं स्थळ ऐकायचंच नव्हतं. सारजाबाई म्हणाल्या, "ह्या खेपेला तोंडातून इंग्रजी निघालं तर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन. मग तुम्ही बसा डिक्शनरीसंगं नांदत."

पाहुणे आले. मुलाचे वडील बद्रीनाथराव, अंगावर हिमरूची शाल, हेही जुन्या कचेरीतलेच. मला बाईंनी तात्यासाहेबांशेजारी बसवलं होतं, चिमटा पोचेल एवढ्या अंतरावर. तात्यासाहेब लोण्यासारखे मऊ. मानपान ठरलं. तबकात सुपारी आली. ती फुटली की सोयरीक पक्की. आणि नेमकं तेव्हाच बद्रीनाथरावांनी खिडकीतलं कोड्याचं साप्ताहिक उचललं.

"कोडी भरता?"

तात्यासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"आम्हीबी भरतो," बद्रीनाथराव म्हणाले. "जालन्यात आपल्यापुढं कुणी टिकत नाय. घ्या, पाच अक्षरी, सी-के. ब्लॅक."

पाहुण्यानं टाकलेला डाव उचलायचा नाही म्हणजे बैतबाजाचं नाक कापलं. "क्लॉक," तात्यासाहेब हळूच म्हणाले, शपथ जागी होऊ नये इतकं हळू. मग ट्रक आला, स्टॉक आला, ब्रिक आला. मी चिमटा काढला, त्यांनी मांडी बदलली. आवाज चढले. कडूबा सतरंजीची वीण मोजत बसला. आणि एकाएकी बद्रीनाथराव अडकले. शाल खांद्यावरून घसरली, कपाळाला घाम आला. वरबाप वधूच्या दारात हरायला आला होता, आणि आमचे तात्यासाहेब जिभेवर पुढचा शब्द घेऊन मिशीत हसत होते.

"प्लॉक," बद्रीनाथराव म्हणाले. "विलायती लोहाराच्या भात्याला म्हणतात."

असा शब्द नाही. मी मागाहून डिक्शनरीत पाहिलं. तात्यासाहेबांना बघायचीही गरज नव्हती. परकी मेंढी कळपात शिरलेली त्यांना तिथंच कळली. बैतबाजीचा कायदा असा, की संशय आला तर सनद मागायची, पुस्तकात दाखव म्हणायचं. डिक्शनरी हाताशीच कोनाड्यात होती. हात निघाला.

दारात सारजाबाई उभ्या होत्या, त्यांच्यामागं आवडा. बाई नवऱ्याला ऐकू जाईल एवढंच बोलल्या. "मागा सनद. पुढलं स्थळ कोण आणतंय, तेबी त्या बुकातच बघा."

हात कोनाड्यापाशी थांबला. आयुष्यात त्या माणसानं साहेबापुढं मान वाकवली होती, पण शब्दापुढं कधी नाही. आवडा पदराचं टोक चावत होती. तात्यासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, जिभेवरचा शब्द आवंढ्यासारखा गिळला. तो गळ्यातून खाली जाताना मी पाहिला. मग तोच हात तबकाकडं वळला.

"वा. प्लॉक. लई दुर्मिळ काढलात, व्याही. हरलो."

सुपारी फुटली. बद्रीनाथराव एवढे खूश, की ठरलेल्या मानपानातलं निम्मं त्यांनी आपणहून सोडलं.

पुढं दर दिवाळीला ते आले की दारातूनच विचारायचे, "काय व्याही, प्लॉक?" आणि तात्यासाहेब म्हणायचे, "तुमचाच." मागाहून माझ्या घरी येऊन तासभर दात खायचे ते वेगळं.

आवडाची मुलगी इंग्रजी शाळेत जायला लागली, तेव्हा तिनं एका दिवाळीत डिक्शनरी चाळून जाहीर केलं, आजोबा, प्लॉक असा शब्दच नाही. बद्रीनाथराव झोपाळ्यावर पेंगत होते. तात्यासाहेबांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि डिक्शनरी मिटली.

"नाय कसा?" ते म्हणाले. "तुझी आई त्याच्यावरच नांदती हाय."