सांभारमामांची शाल

आमचे मामा ज्याला 'अहो' म्हणत, तो माणूस त्यांच्या मनातून उतरलेला असे. एरवी देवाला, बैलाला आणि सरपंचाला ते सारख्याच मायेने 'काय बे' म्हणत. आमच्या भागात अरे-तुरे हीच बोलायची रीत, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पण एखाद्याबद्दल तिरस्कार दाटून आला की मामा एकदम हात जोडत, मान लववत आणि पुणेरी थाटात विचारत, "अहो साहेब, तुमचं जेवन झालं काय?" एवढं ऐकू आलं की मामी चुलीपुढून हळूच म्हणे, "गेला हा मानूस कामातून."

गाव त्यांना सांभारमामा म्हणे. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. अमडापूरच्या बाजारात मामा भाजी घेऊन बसत आणि कोणी काहीही घेतलं तरी त्याच्या पिशवीत सांभाराच्या चार काड्या फुकट टाकत. मामी कटकट करी, "असं वाटत बसल्यावर घर चालते काय?" मामा म्हणत, "घर वांग्यावर चालते. सांभारावर ओयख चालते." मी तेव्हा अमडापूरच्या मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते आणि मामांकडेच राहत होते. माझ्या ओळखी बऱ्याचशा त्या चार काड्यांवरच झाल्या.

हा सगळा डौल एका विहिरीच्या जिवावर होता. नाल्याच्या काठावर, मामांच्या वडिलांनी खडक फोडून काढलेली. मामा तिला 'माय' म्हणत. सकाळी मोट जोडण्याआधी काठावर उभं राहून तिच्याशी दोन शब्द बोलत. भर उन्हाळ्यात आसपासच्या विहिरींचे तळ दिसायचे, तेव्हाही मायच्या अंगावर पाणी असे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि जो तो कशाचं तरी उद्घाटन करत सुटला होता. आमच्या वरच्या अंगाला, त्याच नाल्यावर, सूत रंगवायचा कारखाना आला. मालक कोणी मुंबईचे शेठ होते. पैसा तालुक्याच्या एका बँकेने दिला होता. तिचे चेअरमन पांढरीशुभ्र टोपी घालून आले, फीत कापली आणि म्हणाले, "तुमच्या दारात उद्योगाची गंगा आली आहे." पुढच्याच आठवड्यात ती खरंच आली. लाल होती.

आणि आमचं गाव किती शहाणं, तर पाणी लाल झालेलं पाहून लोक खूश झाले. बायांनी जुनी लुगडी नाल्यात बुडवली, म्हणे फुकट रंगून निघतात. पाण्याचा रंग दिवसागणिक बदले, म्हणून पुरुषांनी धोतरं निळ्या दिवसासाठी राखून ठेवली. एका लग्नात तर नवरदेवाकडची अर्धी वरात नाल्यात रंगलेले फेटे बांधून मिरवली. मामा मांडवाच्या दारात हात जोडून उभे होते आणि एकेकाला विचारत होते, "अहो, तुमचं जेवन झालं काय?" महिन्याभरात कापडं विरली, अंगाला खाज सुटली, मग गावाला राग आला. त्याआधी नाही.

तोवर मायचं पाणी बदललं होतं. वर पातळ तवंग यायचा, वास यायचा. सांभार पहिल्यांदा गेला, कारण तो सगळ्यात नाजूक. उगवायचा, दोन पानं काढायचा आणि पिवळा पडून आडवा व्हायचा. मामा वाफ्यात उकिडवे बसून ती पानं बोटांत चोळत राहत. मामी दुसऱ्याच्या विहिरीवरून प्यायचं पाणी आणू लागली.

मग दारं ठोठावणं सुरू झालं. मी लिहिता-बोलता येणारी म्हणून सोबत जायची. कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, मी नोकर माणूस, शेठला विचारा. शेठ कधी आलेच नाहीत. तहसीलमध्ये म्हणाले, हे जिल्हा परिषदेचं काम. जिल्हा परिषदेत म्हणाले, अर्ज तहसीलमार्फत पाठवा. मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते प्रत्येक ठिकाणी म्हणत, "हात कोनाचा थे नका सांगू. खिसा कोनाचा थे सांगा." शेवटी एका कंटाळलेल्या कारकुनाने सांगून टाकलं, की बाबा, खिसा बँकेचा.

म्हणून आम्ही चेअरमनसाहेबांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, मामांचं सगळं मान डोलवत ऐकलं. अशी माणसं मला तेव्हापासून ओळखू येतात. मान जितकी जास्त डोलते तितकं आत कमी जातं.

"हे पहा मामा," ते म्हणाले, "बँक फक्त पैसा देते. नाल्यात रंग आम्ही थोडाच ओततो?"

"अन पैसा कोनाचा?"

चेअरमन हसले. "तुमचाच की. तुम्ही सभासद, तुमच्या गावाच्या ठेवी आमच्याकडे. लोकांचा पैसा लोकांच्या विकासाला."

एसटीत मामा खिडकीबाहेर पाहत बसले. गावाचा फाटा आला तेव्हा म्हणाले, "पाह्य वं मास्तरीनबाई. माह्याच खिशातून काढलं अन माह्याच मायच्या तोंडात ओतलं. वरून चहा पाजला." उतरताना कंडक्टरला त्यांनी उगाचच 'अहो' म्हटलं. तो बिचारा घाबरला.

त्या बँकेची सालाबादची सभा म्हणजे काय असे, ते सांगायला हवं, कारण पुढच्या पिढीला वाटेल तिथे काही विचारविनिमय होत असेल. शाळेच्या मैदानावर मांडव. सभासद येत, अंगठा किंवा सही करत, चिवड्याची पुडी आणि एक पेढा घेऊन सतरंजीवर बसत. सेक्रेटरी ठराव वाचत. कोणी ऐकत नसे. वाचणं थांबलं की सगळे एका सुरात ओरडत, "मंजूर!" आणि पुन्हा चिवड्यात हात घालत. देवळात आरती झाल्यावर जयजयकार करावा, तितक्याच भक्तीने. कर्जाला मंजूर, खर्चाला मंजूर, चेअरमनच्या जीपला मंजूर.

त्या वर्षी कारखाना वाढवायला नवं कर्ज द्यायचा ठराव होता. मामांनी नाल्याकाठच्या साऱ्या भाजीवाल्यांना आठवडाभर पढवलं. बाजारात, पारावर, पंगतीत. "ठराव रंगाचा आला की काय म्हनसान?" "नामंजूर!" "जोरात?" "नामंजूर!" म्हाताऱ्या बायकासुद्धा तयार झाल्या होत्या. सभेला आमचं गाव बैलगाड्यांनी गेलं. एवढी गर्दी पाहून चेअरमन खूश झाले आणि त्यांनी आणखी चिवडा मागवला.

ठराव वाचला गेला. सेक्रेटरी थांबले. आणि आमचं अख्खं गाव, आठवडाभर पढवलेलं, भरल्या तोंडाने, सवयीने ओरडलं, "मंजूर!"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मामा उभे होते. ते ओरडले नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी झोळीसारखा धरला आणि रांगेतून फिरून एकेकाच्या हातातली चिवड्याची पुडी काढून त्यात टाकू लागले. "थुक. आधी तोंड मोकयं कर. काऊन बे, मायले विकून खाऊन राह्यला अन वरून शेव मांगतं?" दांडगे बाप्ये लहान पोरांसारखे पुड्या देत होते. भरलेली झोळी मामांनी नेऊन चेअरमनपुढच्या टेबलावर ठेवली.

"अहो चेअरमनसाहेब," ते हात जोडून म्हणाले, "आता वाचा पुन्हा. उपाशी मानसाइले आयकू येते."

वाचावंच लागलं. या वेळचा 'नामंजूर' असा गेला की मांडवाबाहेर बांधलेले बैल उठून उभे राहिले. आमच्या गावाचं पाहून दुसऱ्या गावांनीही ओरडून घेतलं, कशाला ते माहीत नसताना. चेअरमन घाम पुसत म्हणाले, कारखान्याने आधी पाणी निवळवायचे, गाळायचे हौद बांधावेत, मग कर्जाचा विचार करू. जे तहसीलला, परिषदेला आणि शेठला जमलं नव्हतं, ते कर्ज अडल्याबरोबर जमलं. हौद झाले. कारखान्याने त्याला वेळ मात्र पुरेपूर लावला.

नाला निवळला. खालच्या विहिरी सुधारल्या. मायचं पाणी काही सुधारलं नाही. ती काठावर पहिली होती, तिने सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून जास्त पिऊन घेतलं होतं. मामांनी दोनदा उपसा केला, गाळ काढला, चुना टाकला. सांभार उगवून आडवाच होत राहिला. मामांनी मग वाफे सोडून दिले आणि कोरडवाहू ज्वारी धरली. बाजारात मात्र जात. दुसऱ्याकडून सांभार विकत घेऊन ओळखीच्या पिशव्यांत टाकत बसत. मामी आता कटकट करत नसे. मला ती कटकट ऐकावीशी वाटे.

हौदांचं उद्घाटन व्हायचंच होतं. फीत तीच, टोपी तीच. चेअरमन म्हणाले, बँकेला गावाच्या पाण्याची पहिल्यापासून काळजी. 'जागरूक सभासद' म्हणून मामांचा सत्कार ठेवला होता. नारळ दिला, खांद्यावर केशरी शाल घातली. मामांनी शालीचं टोक बोटांत चोळलं, जसं ते पिवळं पान चोळत.

"सूत कुठं रंगवलं हे?"

कारखान्याचा मॅनेजर कौतुकाने पुढे झाला. "आपल्याच कारखान्यात, मामा. खास तुमच्यासाठी."

"मंग हे माह्या मायचं आहे," मामा म्हणाले. "तिचं तिले देतो." आणि भाषणं चालू असताना ते मंचावरून उतरून चालू लागले. मी मागोमाग. लोकांना वाटलं, म्हातारा भारावला.

विहिरीवर आल्यावर त्यांनी मोटेचं चाक काढून ठेवलं. दोन खांबांमध्ये ती शाल ताणून विहिरीच्या तोंडावर पुरेल तेवढी पांघरली आणि चारी टोकं सुतळीने बांधली. मी विचारलं, "मामा, हे काय?"

"मेल्यावर नवं कापड लागते ना वं," ते म्हणाले. एवढंच. मग काठावर बसून, ते माझ्यादेखत कधी रडले नव्हते, तसे रडले.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ती शाल बांधल्यावर दोन पावसाळे तिथेच होती. पहिल्या पावसाळ्यात तिचा रंग उतरून थेंबाथेंबाने खाली विहिरीतच पडत होता. मामांनी ते पाहिलं, आकाशाकडे पाहून हात जोडले आणि देवाला जन्मात पहिल्यांदा 'अहो' म्हटलं.