अर्धा न

भाषा हा कच्चा माल आहे आणि कवी हा तिचा कारागीर, असं मी अनेक व्यासपीठांवरून सांगितलं आहे. व्यासपीठं लहान होती. एकदा तर ते बाकच होतं.

गेल्या वर्षी कोल्हापुरात दृश्यकवितांचं प्रदर्शन भरलं, त्यात माझी एक कविता घेतली. बोलावणं पहिलंच. कवितेत शब्द एकच होता: न्हाय. पहिल्या ओळीत तो अखंड. पुढच्या प्रत्येक ओळीत अर्धा न डावीकडे सरकत जातो, आणि आठव्या ओळीत तो कडेबाहेर पडून नुसतं ‘हाय’ उरतं. आपल्या नकारातच होकार दडलेला आहे, एवढंच म्हणायचं होतं. त्याला मला चार महिने लागले.

कागदावर हातानं काढून मी ती फ्लेक्सवाल्याकडे दिली. चाळिशीचा, शाहूवाडीकडचा माणूस. वाढदिवसांचे फलक करण्यात हयात गेलेली. उद्घाटन संध्याकाळी पाचला. मी चारला त्याच्या दुकानात पोचलो. त्यानं फ्लेक्स उलगडला. एकाखाली एक, मधोमध, सात वेळा ‘नाही’ आणि शेवटी ‘आहे’. पुढं पूर्णविराम.

“हे काय केलंत?”

“शुद्ध केलं, सर. साहित्याचं काम म्हटल्यावर गावठी कसं छापायचं? आन् तुमचा न लांब लांब पडला हुता, त्यो बी जुळवून घेतला.”

“अहो, तो लांब पडणं हीच कविता होती!”

“व्हय? मग ही कुठली?”

मी त्याला समजावलं. ‘नाही’तला न पूर्ण आहे, तो काढला तर मागं ‘ही’ उरते, आणि ‘ही’चं मी काय करू? त्यानं सहानुभूतीनं मान हलवली.

“तुम्ही स्वतः बोलताना न्हायच म्हणता ना?”

“बोलायचं येगळं, सर. भिंतीवर लावायचं येगळं. खाली आमच्या दुकानाचं नाव हाय. लोक म्हणतील, ह्याला ल्ह्यायला येत न्हाय.”

“पुन्हा छापा. आत्ता.”

“आता न्हाय व्हायचं. मशीनवर वाढदिवस हाय.”

मशीनमधून कुणाच्या तरी गॉगलची वरची कड बाहेर येत होती. माझा आवाज चढला. कवितेतली वेलांटी हलवायचीसुद्धा कवीला विचारल्याशिवाय कुणाची छाती होत नाही, तुम्ही अख्खी भाषा बदललीत, आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत, असं बरंच बोललो. फलक न्यायला येऊन बसलेले वाढदिवसवाले दोघं पावणं खुर्च्या वळवून ऐकू लागले.

“इचारलं की,” तो शांतपणे म्हणाला. “सकाळी प्रूफ पाठवलं हुतं. तुम्ही अंगठा दिला.”

मी मोबाइल काढून बघितला. दहा वाजून चार मिनिटांनी दिला होता.