म्या म्हनलं, चला रे समदे

पहिलंच सांगते, मी असल्या गोष्टी माननारी बाई न्हाई. तांड्यात कुनाच्या अंगात आलं का मी तोंडाला पदर लावून हसायची आन् सासूच्या शिव्या खायची. सातवीपत्तूर शाळा झाली माझी, चुकलं-माकलं तर समजून घ्या. तुमचा अंक माझी ननंद आनते, त्यातलं हे लोकायच्या अनुभवाचं पान मी आधी वाचते, आन् दरवेळी म्हनायची, काय बी लिहितेत लोक... आता मीच लिहून राहिले.

आमचा तांडा साखऱ्याजवळ, सेनगाव तालुक्यात. आमचे हे मशीनवर ऑपरेटर, पोकलेन चालवतेत. लग्नानंतर ठेकेदारासंगं नेपाळात गेले, पोखऱ्याच्या वर पहाडात रस्त्याचं काम व्हतं. माझी शितल दुधावरची व्हती, तिला घेऊन मी बी गेले. तिथली थंडी काय सांगू... सकाळी बादलीतलं पानी फोडावं लागायचं. बोटं वाकायची न्हाईत. आमी एका बाईच्या घरात खोली घेतली व्हती, तिला दिदी म्हनायचो. एकटीच व्हती ती. मोडकं-तोडकं हिंदी बोलायची. मला म्हनायची, "बहिनी, तुम्हारा गाँव में तो आग बरसता है, आदमी पापड़ जैसा भुनता होगा." मी म्हनायची, "दिदी, तुम आके देखो, हड्डी सीधी होती है." आमी दोघी हसायचो.

आमच्या खोलीत दाराजवळ एका खिळ्याला लहान लेकराची लोकरीची टोपी टांगलेली व्हती. लाल गोंडा व्हता वरती. एकदा मी झाडताना काढून ठेवली तं दिदीनं पुना टांगली. मी इचारलं न्हाई. कुनाच्या घरात किती इचारायचं?

शितल बोलाया-चालाया लागली, मग बाळ तिथंच झालं. नाव ठेवलं न्हवतं. आमच्यात तांड्यावर नेऊन, समद्यायला जेवू घालून नाव ठेवायचं म्हनून थांबलो. नुसतं बाळच म्हनायचो.

मग ठेकेदाराचं काम उठलं. आमच्या यायच्या, म्हनजे नवऱ्याच्या, एका दोस्तानं वसमतहून निरोप धाडला का हळदीच्या खळ्यावर मानूस पाहिजे, ट्रॅक्टर बी चालवता येत असंल तं बरं, राहायला खोली भेटती. वसमत म्हनजे आपलाच जिल्हा. मला तं नाचावं वाटलं. ऊन भेटंल लेकरायला!

आता नीट वाचा, समदं हितंच हाय. आमचे वाडवडील बैलावर मीठ-दाना लादून मुलूखभर फिरायचे, आज इथं मुक्काम उद्या तिथं. मुक्काम हलवताना घरातली बाई शेवटी निघायची, मागं वळून एकेका लेकराचं नाव घेऊन हाक मारायची, "अमक्या चल, तमके चल." लेकरू कडेवर असलं तरी बी. म्हनजे लेकराचा जीव मागं रेंगाळत न्हाई. अजून आमच्या घरच्या बाया करतेत. मी मानत न्हाई, पन सासूनं पोरीसारकं शिकवलं, तं सवय लागली.

निघायच्या दिवशी खाली जीप उभी, डायवर हॉर्न वाजवून राहिला, हे वरडून राहिले, "आटप की, बस चुकंल!" मी बाळाला छातीशी धरून दारात वळले. "शितल, चल," म्हनले. पुढं अडले. बाळाला नावच न्हाई. आन् यायचं नाव मी कसं घेनार? नवऱ्याचं नाव आमच्यात घेत न्हाईत. तं घाईघाईत म्या म्हनलं,

"चला रे समदे! मागं कुनी राहू नका."

आन् पळाले.

पहाडातून उतरताना बसमधी कंडक्टर आला. यायला म्हने, "बच्चे का आधा टिकट लगेगा."

"लड़की छोटी है," हे म्हनले.

"लड़की नहीं, वो बड़ा वाला. टोपीवाला."

शितलच्या डोक्याला तं माझी जुनी ओढनी गुंडाळलेली! हे म्हनले, "भैया, दो ही है मेरे को." त्यानं सीटकडं पाह्यलं, खाली वाकून पाह्यलं, म्हनला, "अभी तो था," आन् पुढं गेला. हे मला म्हनले, "सकाळ-सकाळच टाकून आला गडी." मी बी हसले. हसले बगा मी...

वसमतला आलो तव्हा हळद शिजवायचा मोसम चालू. गावाभाईर मालकाचं मोठं खळं, एका अंगाला भट्टी, तिच्यावर लोखंडी कढई, आन् पुढं उन्हात शिजलेल्या हळदीचे ढीग पसरलेले. पाय ठेवला तं पोळायचा. आमची खोली टिनाची, भाकर थापून भिंतीला लावली असती तं भाजली असती. दिवसभर घामाच्या धारा. आन् तसल्यात माझं बाळ थंड पडाया लागलं.

आधी तळपाय. मग हात. मग पोट बी थंड, जसा माठ लागतो तसा. उजवं अंग जास्तच. घाम म्हनून येत न्हाई. दूध वढीना. रडायचं बी कमी केलं... आन् लेकरू रडत न्हाई याच्यासारकी भीती दुसरी न्हाई. डॉक्टरकडं नेलं. त्यानं काच लावली, म्हनला, "टेंपरेचर बराबर आहे." मग हात लावला तं हात मागं घेतला त्यानं. म्हनला, "घरी एसी आहे का?" म्या म्हनलं, "सायेब, टिनाची खोली हाय, एसी कुठला?" रक्त तपासलं, काही निघालं न्हाई. वजन मातर उतरून राहिलं.

एक दिवस भर दुपारी मी बाळाजवळ बसले व्हते. भाईर ऊन नुसतं पांढरं. बाळानं श्वास सोडला आन् तोंडातून वाफ निघाली. पहाडात निघायची तशी. मी डोळे पुसून पाह्यलं. पुना निघाली. आन् जरा बाजूला, उजव्या अंगाला, जिथं कुनी न्हवतं... तिथून बी निघाली. बारीकशी.

शितल कोपऱ्यात खेळून राहिली व्हती. मान वर न करता म्हनली, "आई, तो बाळाला चिटकून झोपतो."

"कोन गं?"

"टोपीवाला. त्याला हिव वाजतं. जाडो, जाडो म्हनतो."

जाडो म्हनजे तिकडच्या बोलीत थंडी. मी बाळाला उचललं आन् खळ्यात पळाले, चपला बी न घालता. पाय भाजले ते रातीला कळलं.

यायनी साखऱ्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सासू आली. तिला आमी समदे याडी म्हनतो, याडी म्हनजे आई. तिनं बाळाला हात लावला आन् माझ्याकडं पाह्यलं.

"निघताना हाक मारली व्हतीस?"

"मारली की."

"नाव घेऊन?"

"शितलचं घेतलं. बाळाला नाव कुठं हाय, याडी? आन् यायचं मी कसं घेनार? म्हनलं, चला रे समदे, मागं कुनी राहू नका."

याडीनं कपाळावर हात मारून घेतला. "समदे? अगं भवाने, समदे म्हनून ढोरं हाकतेत! परक्याच्या घरात उभं राहून समदे म्हनलीस, तं त्या घरातलं जे व्हतं ते बी उठून आलं की!"

हे म्हनले, "याडी, काय बी बोलू नको."

"तू गप. तुला मशीनचं कळतं, तू मशीनचं बोल." मग मला म्हनली, "तू बोलवलंस, तूच सांग त्याला. पन नाव लागतं. बिननावाचं कुनी ऐकत न्हाई."

दिदीच्या घराखालच्या दुकानात फोन व्हता, नंबर यायच्या डायरीत निघाला. एसटीडीवर गेलो. दुकानदारानं दिदीला बोलवाया मानूस धाडला. मी पुना लावला तव्हा तिचा आवाज आला, मला रडूच फुटलं.

"दिदी, वो टोपी किसकी थी?"

बिलाच्या डब्यावरचे लाल आकडे पळून राहिले.

"बहिनी," ती म्हनली, "टोपी तुम लोग ले गए? कील पर नहीं है."

"नहीं दिदी. लेकराची शपथ, नहीं लाए."

मग ती म्हनली, "तो साथ गया."

तिचा पोरगा. त्याच खोलीत वारला व्हता, आमी यायच्या आदल्या थंडीत. बरफानं रस्ता बंद, खाली दवाखान्यात न्यायला जमलं न्हाई. "आग जलाया, सब कंबल डाला," म्हनली, "फिर भी बोलता था, आमा, जाडो... आमा, जाडो..."

म्या समदं सांगितलं, बाळाचं. म्हनलं, "दिदी, मेरा बच्चा ठंडा पड़ रहा है. उसको बुला लो ना वापस."

ती म्हनली, "बहिनी, उधर धूप है ना?"

"बहुत है, दिदी."

"तो इधर मत भेजना." आन् रडाया लागली. मी बी रडून राहिले, बूथवाला पोरगा दुसरीकडं पाहून राहिला. तिचं लेकरू तिला, माझं मला... काय म्हनू मी तिला? शेवटी तिनंच नाव सांगितलं त्याचं. म्हनली, "ज़िद्दी नहीं है. प्यार से बोलो तो मानता है. डाँटना मत."

घरी आलो तं टळटळीत दुपार. मजूर लिंबाखाली आडवे झालेले. याडी बाळाला घेऊन दारात उभी राह्यली. मी खळ्याच्या मधोमध गेले, हळदीच्या ढिगाजवळ, जिथं उन्हानं डोळे उघडत न्हाईत. नाव घेतलं त्याचं. म्हनलं, "बेटा, इकडं ये. बाळाला सोड, तो लहान हाय. हे पाह्य, हितं किती ऊन हाय. समदं तुझंच. तुझ्या आईनंच सांगितलंय."

काही झालं न्हाई. नुसतं ऊन. मला वाटलं मजूर बगून हसून राहिले असतील.

मग माझ्या पायाजवळून गार काहीतरी गेलं. पोरगं पळत जाताना परकर हालतो, तसा हालला माझा परकर. आन् पाठीमागून बाळाचा टाहो आला... असा टाहो का लिंबाखालचे मजूर उठून बसले! मी पळत गेले. याडी म्हनली, "हात लाव." कपाळावर घाम व्हता बाळाच्या. माझ्या लेकराचा पहिला घाम. मी तोंड खुपसलं त्याच्यात. असं दूध प्यायलं त्यानं त्या दिवशी, जसं उपाशी वासरू.

आठवड्यात तांड्यावर नेऊन नाव ठेवलं. आता तो चालून राहिला.

पन सांगायचं अजून हाय. दुसऱ्या दिवशी हळद पलटवताना ढिगात एक खळगा दिसला. लहान लेकरू गुडघे पोटाशी घेऊन निजतं, तेवढा. हे म्हनले, "कुत्रं झोपलं असंल." म्या म्हनलं, "हात घाला." हात घातला यायनी. भर उन्हात. गारठलेला हात काढला आन् काखेत धरला. संध्याकाळी आपल्या हातानं एक गोधडी त्या जागी ठेवून आले. मालकाला सांगितलं, हळदीवर झाकाया हाय.

हिवाळ्यात खळं रिकामं, भट्टी थंड. मी ती गोधडी टिनाच्या भिंतीला उन्हाच्या अंगानं टाकून ठेवायची. काहून, ते मला इचारू नका. भीती वाटते मला त्याची, अजून वाटते, एकटी खळ्यात जात न्हाई मी. पन थंडी पडली का पहिला तोच आठवतो.

यंदाची हळद शिजाया लागली. परवा खळगा पुना दिसला. डॉक्टर म्हनतो लहान लेकरायला असं व्हतं कधी कधी. हे म्हनतेत इषय काढू नको. टोपी आमच्या सामानात कुठंच निघाली न्हाई. मला काही बी समजलं न्हाई, तुमच्यात कुनाला समजलं तं लिहा.

नाव मातर मी हितं लिहिलं न्हाई. तुमी अंक हातात घेऊन बसता, कोनी मोठ्यानं वाचून दाखवतं घरात. त्यानं ऐकलं तं तो उठंल. आन् आता कुठं त्याला ऊब आलीय.