दाढेचं दुखणं

शुक्रवार, होळी होऊन गेलेली. तलावाच्या पाळीवर हजर: माझा धाकटा भाऊ, त्याची बायको, मच्छीमार सोसायटीची माणसं आणि मी. यांपैकी भाऊ तिथे असायला नको होता. त्याची जागा त्या वेळी नागपूरच्या इस्पितळात, मशीनखाली होती.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या गोंडपिपरीकडच्या या गावात सोसायटी एक दिवस ठरवते आणि सगळे मिळून मोठं जाळं ओढतात. ज्या घरचा माणूस दोराला हात लावतो, त्या घराला मासळीचा वाटा. भावाने हा दिवस कधीच चुकवला नव्हता. म्हणून उपचार अर्धे टाकून तो बसने निघून आला. वहिनीचा फोन मला आला तेव्हा दोघं बसमध्येच होती. मी कचेरीत रजेचा अर्ज ठेवला आणि गडचिरोलीहून निघाले.

तो का निघून आला हे मला विचारावं लागलं नाही. त्याला काय झालंय हे त्याला माहीतच नाही. तसं आम्हीच ठरवलं होतं.

त्याचं तोंड उघडेनासं झालं होतं, गालाच्या आत जखम होती. तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टरांच्या टेबलासमोर मी आणि वहिनी बसलो होतो, भाऊ बाहेर बाकावर. वहिनी म्हणाली, त्यांना सांगू नका. तिच्या वडिलांनी हा शब्द ऐकला त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड केलं होतं आणि अन्न सोडलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली. शेजारी बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, सही ते करणार, रेडिएशनच्या मशीनखाली चेहरा त्यांचा बांधला जाणार, आणि त्यांनाच माहीत नको? मोठे डॉक्टर म्हणाले, पुस्तकात तुमचंच बरोबर आहे; पण सांगितल्यावर जडीबुटीवाल्याकडे गेलेले किती परत येतात, तेही बघा. दोघं हळू आवाजात बोलत होते, आमच्यासमोरच. बाहेर रांग वाढत होती. तोडगा मीच सुचवला: दाढेत गाठ आहे, मशीनने शेकून ती बसवतात. भावाने मी बोट ठेवलं तिथे सही केली. गावातही आम्ही हेच सांगितलं.

शुक्रवारी सकाळी मी बसमध्ये असताना त्याच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मध्ये खंड पडला तर झालेलं वाया जाईल, सोमवारी सकाळी त्यांना इथे आणाच. आणि या वेळी सांगून आणा, नाहीतर ते पुन्हा जातील. मी हो म्हटलं.

पाळीवर पोचले तेव्हा जाळं अर्ध्यावर आलं होतं. दम घ्यायला माणसं थांबली आणि रिवाजाप्रमाणे खर्रा फिरू लागला. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. दोर धरणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर चिमूट. भावाच्या हातावरही पडली. मी वरूनच ओरडले, त्याला देऊ नका. सोसायटीतला एक म्हातारा हसला.

"बाई, दाढच शेकली ना त्याची. जीभ तर शाबूत आहे."

सगळे हसले. भाऊही हसला, आणि खर्रा गालात गेला. तोही त्याच गालात, जिथे मशीनने कातडी काळी केली होती. त्याला रागवायला माझ्याकडे कारण नव्हतं. ते कारण आम्हीच लपवून ठेवलं होतं.

मी त्याला बाजूला, आंब्याखाली बोलावलं. वहिनी मागोमाग आली आणि माझा दंड धरून उभी राहिली. मी म्हटलं, सोमवारी नागपूरला जायचं आहे, गाडी मी सांगितली आहे.

"कायले? दुखणं तर बसलं आता."

"डॉक्टरनं बोलावलं आहे तुले. पुरं व्हायचं आहे."

तो पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "बाई, तिथी सगळे कॅन्सरवाले आहेत. एका बाईले तर अर्धा जबडाच नाई. ते लोक लाईनीत ताटकळून राह्यले आन् मी दाढेसाठी त्यांची जागा अडवून राह्यलो. मले लाज वाटते. तू दाढ म्हणाली म्हणून मले भेव नाई, नाईतर मी तिथी पायच नसता ठेवला."

वहिनीची बोटं माझ्या दंडात रुतली. खालून हाक आली, दोर उचला. मी तोंड उघडलं होतं. तो वळला आणि उतारावरून धावत गेला, लहानपणी धावायचा तसाच. संध्याकाळी वाट्याला आलेली मोठी मरळ त्याने माझ्यासाठी काढून ठेवली. स्वतःला ती खाता येणार नव्हती, तोंड तेवढं उघडत नाही.

आज शनिवार. मी त्याच्याच घरी आहे. गाडी ठरली. फाईल पिशवीत आहे. प्रवासासाठी पातळ पेज करण्याबद्दल वहिनीशी बोलून झालं. पानठेल्यावर जाऊन त्याला खर्रा देऊ नका म्हणून बजावलं. का, ते ठेलेवाल्यालाही सांगितलं नाही. भाऊ अंगणात जाळं सांधतो आहे आणि सोमवारी येणार नाही म्हणतो आहे. वहिनी दर थोड्या वेळाने दारात येऊन माझ्याकडे बघते आणि नकारार्थी मान हलवते.

त्याला सांगायचं राहिलं आहे.