मडक्यातलं हसू

कल्पना करा, तुम्ही पियानोपुढे बसला आहात. तोंडानं राजकन्येची गोष्ट सांगायची, उजव्या हातानं तिचं हसू वाजवायचं आणि डाव्या हातानं राक्षस चालवायचा. तिन्ही एकाच वेळी. जमेल असं वाटतं ना? बळीरामलाही वाटलं होतं.

बळीराम राजूरच्या कोळसा खाणीत पंपाचा फिटर. तिथल्या क्लबात एक जुना पियानो धूळ खात पडला होता. त्यानं पान्यानं त्याच्या तारा आवळल्या, उंदरांनी कुरतडलेल्या जागी नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे चिकटवले, आणि ज्याला दुरुस्त करता येतं त्याला वाजवताही येतं, अशी स्वतःची समजूत घालून घेतली. तोवर त्यानं फक्त पेटी वाजवली होती. पेटीवर डावा हात भाता मारतो. म्हणून पियानोवरही त्याचा डावा हात मधूनच हवेत भाता मारायला लागे. तेवढा वेळ राक्षस बिचारा जागच्या जागी उभा राही.

१९५९ च्या वार्षिक कार्यक्रमात त्यानं हौसेनं नाव दिलं. गोष्ट त्याच्या आईची, रुखमाबाईची होती: राक्षस राजकन्येचं हसू मडक्यात कोंडून नेतो. तीन वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा रुखमाबाईनं घरातले देव बाहेर काढले, राक्षस तेवढा ठेवला. नातवंडं झोपवायला लागतो म्हणून. घरची रीत अशी, की ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणायचं. हूं थांबलं की ऐकणारा झोपला; गोष्ट तिथंच थांबवायची. आजवर आई सांगे आणि बळीराम हूं म्हणे. एकदा तरी आपण सांगावं आणि आईनं हूं म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

दुपारची जेवणं आटोपून मंडळी क्लबात बसली. पियानो भिंतीला लावलेला, त्यामुळे बळीरामची पाठ लोकांकडे. पहिलं वाक्य झालं. हूं नाही. दुसरं झालं. तरी नाही. मडक्याचं तोंड उघडणार, इतक्यात त्याची खात्रीच पटली की पोटभर जेवून सगळं राजूर झोपलंय. आईसुद्धा. मग त्यानं आवाज बारीक केला, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं पियानोचं झाकण लावलं.

तेवढ्यात मागून आलं, “हूं.”

“थांबला काहून रे?” घरी जाताना वाटेत रुखमाबाई कडाडली.

“मले वाटलं, तुम्ही झोपले सारे!”

“कोण झोपलं? शेजारची कांताबाई म्हणे, इथं आवाज नाई करा लागत. मी तोंडात पदर कोंबून बसलती!”

“मंग ते शेवटचं हूं?”

“माह्यं नाई.”

“खरं सांग, माय.”

“हा पदर पाह्य. ओला हाय अजून.”

त्याला काही वर्षं उलटली. बळीराम पंपाशी येईल त्याला विचारतो. चौकीदार नाही म्हणाला, आचारी नाही म्हणाला. मोठ्या साहेबाला तर मराठीच कळत नव्हतं. राजकन्येचं हसू अजून मडक्यातच आहे. पुढची गोष्ट सांगायला बळीराम आजही तयार आहे. पण सांगायची कुणाला? त्या दुपारी हूं म्हणालं कोण?