येसू नको, यशी नको

हाका मारण्यासाठीच देवानं एखाद्या माणसाला पृथ्वीवर धाडलं असेल, तर तो माणूस म्हणजे आसेगावचे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. शेती होती, बैल होते, पण तो सगळा जोडधंदा. खरा धंदा एकच: गावात कोणाकडे मुलगी झाली की तिचं हाकेचं नाव ठरवायचं. बारशाचं नाव काय ठेवता याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. "ते देवाच्या वहीसाठी," ते म्हणत, "मानसाले हाक लागते." आणि हाकेचं त्यांचं शास्त्र पक्कं होतं. आईनं मुलीला घेऊन अंगणात उभं राहायचं, आतोबांनी धोतर सावरत थेट विहिरीपर्यंत जायचं आणि तिथून ओरडायचं. पोचली तर ठीक, नाही तर दुसरी हाक. एका कौसल्येची कौशी त्यांनी तीनदा ओरडून नापास केली. "वाऱ्यात इरून जाते," म्हणाले आणि तिची बनी केली. बनी हे त्यांचं फार लाडकं नाव. इतकं, की एकदा गल्लीत त्यांनी "बने!" म्हणून साद घातली तर पाच मुली धावत आल्या. आतोबा जराही गडबडले नाहीत. "तुमी नायी वं, ते नाक गळनारी पायजे," म्हणाले आणि बाकीच्या चौघींच्या हातावर गूळ ठेवून त्यांना परत पाठवलं.

मी तेव्हा वाशीमला कचेरीत नकलनवीस होतो. बाजाराला आले की आतोबा माझ्याकडे उतरत. एकदा मी त्यांच्याबरोबर एका जैन शेठजींच्या दुकानात गेलो होतो. शेठजींना नात झाली होती, नाव ठेवलं होतं पद्मावती. झालं! हळद तागडीत तशीच राहिली. "चार अक्षरं, शेठ? पोरगी आवाज देईपर्यंत आंघोळीचं पानी थंडं होऊन जाईन." मग पमी ठरलं. आतोबा रस्त्यापलीकडे जाऊन असे ओरडले की जाणारा टांगा थांबला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मी मात्र लाजेनं गुळाच्या ढेपेआड तोंड लपवून उभा होतो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधी आत्या गेली. वर्ष सरायच्या आत घरात नात जन्मली. बारशाला बायकांत नावाची चर्चा चालली असताना आतोबांनी ओसरीवरून निरोप पाठवला, "तिचंच ठेवा." सगळ्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या लेकीनं, म्हणजे बाळाच्या आत्यानं, कानात 'यशोदा' सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ती आपल्या सासरी निघून गेली. गाडी वेशीबाहेर पडल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं की घरात आता ते नाव घेऊ शकणारं कोणीच उरलं नाही. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं. मुलगा आईला नावानं कसा हाक मारणार? आणि आतोबांनी तर चाळीस वर्षं बायकोला "आयकून राह्यली काय?" याखेरीज काही म्हटलं नव्हतं. नवऱ्यानं बायकोचं नाव घेणं म्हणजे तेव्हा निर्लज्जपणाच.

मग हाकेचं नाव शोधायला हवं होतं. पण अर्ध्या तालुक्याला हाका पुरवणारा हा माणूस इथं अडला. येसू नको, यशी नको. सोनी, चिमी, ठकी, काहीच नको. लाडकी बनीसुद्धा नको. "हे तिचं नायी," एवढंच म्हणत. मी दिवाळीला गेलो तेव्हा पोरगी सहा महिन्यांची होऊन रांगायला लागली होती आणि सगळे तिला 'लेकरू' म्हणत होते. सुनेचा धीर सुटला. पदर सावरून ती दाराआडून म्हणाली, "मामाजी, मी माह्या पोरीले शुक शुक करू काय? कोंबडी हाये काय ते?" आतोबांनी मान खाली घातली. ते सुनेला कधी उलटून बोलले नाहीत, पण इतकं ओशाळलेलंही मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी मी गोठ्याकडे गेलो तर आतून कुजबुज ऐकू आली. आतोबा गव्हाणीला टेकून उभे होते. "य," म्हणत, थांबत, घसा खाकरत, पुन्हा "य." आसेगाव दणाणून सोडणाऱ्या त्या माणसाचा आवाज बैलाच्या कानापर्यंतही पोचत नव्हता. मला हसू आलं आणि लगेच फार वाईट वाटलं. मी पाय न वाजवता परत फिरलो.

थोड्या वेळानं ते ओसरीवर आले. पोरगी तांब्याशी खेळत होती. आतोबा तिच्यासमोर बसले आणि हळूच म्हणाले, "यशोदा." स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. पोरीनं पाहिलं नाही. ते नाव तिच्या ओळखीचंच नव्हतं. ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं तांब्या सोडला आणि मान वर केली. "सूनबाई," आतोबा म्हणाले, "आता तू बी घेत जा. तिले राग नायी येनार."

मग माझ्याकडे वळून, डोळे न पुसता म्हणाले, "चाळीस वर्सं हे नाव माह्यापाशी होतं रे. एक डाव तरी तिले आयकू द्याले पायजे होतं."

पोरगी पुन्हा तांब्याकडे वळली होती. आतोबांनी ते नाव आणखी एकदा घेतलं, पण आता ते पोरीकडे पाहत नव्हते.