वजनाच्या रकान्यातली रेघ

आमच्या तालुक्याच्या ऑफिसात लहान मुलांच्या वजनांची एक एक्सेल शीट आहे. तिच्यातला फॉर्म्युला माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेला. वजन इतकं असेल तर तीव्र कुपोषित, नाहीतर इतकं असेल तर मध्यम, नाहीतर... असे कंसात कंस, आणि अगदी शेवटी 'सामान्य'. त्याला हात लावायची मला भीती वाटायची.

परवा अंगणवाडीच्या सुशीलाताई आल्या. स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाल्या, "मॅडम, आमची परी सामान्य कशी हो? दोन महिने वजनालाच आली नाही ती. मी तिथं रेघ मारलीय."

रेघ हा आकडा नव्हता. ती कुठल्याच अटीत अडली नाही, घरंगळत शेवटपर्यंत गेली आणि परी कागदावर ठणठणीत झाली.

"मग कसं करायचं?" मी पुटपुटले.

"आम्ही करतो तसं! आधी बघायचं, पोर आलंय का. मग काटा."

मी कंस सोडवले. एका ओळीत एकच अट लिहिली. सगळ्यात वर लिहिलं, वजन झालं नसेल तर 'घरी जाऊन बघा', आणि त्याला लाल रंग दिला. एंटर दाबलं आणि शीटभर नावं लाल झाली. न बघताच आम्ही बरी म्हटलेली ही सगळी मुलं. आपण मोठ्या माणसांनाही असंच, न विचारता, 'बरा असेल' म्हणून सोडून देतो का?

ताई पिशवी उचलून उठल्या. "परीपासून सुरुवात करू. येताय?"

या कामासाठी मी कधीच ऑफिसाबाहेर गेले नव्हते. चपला घातल्या.